गच्चीवर निखारे पेटवण्याआधी: इंदूरकरांसाठी बाफले-बार्बेक्यूच्या सुरक्षिततेचं मार्गदर्शन

इंदुरात उघड्यावर शिजवायला निमित्त लागत नाही. पहिला पाऊस पडला की चोरल-पातालपाणीच्या रस्त्याला गाड्या लागतात आणि डिकीत गोवऱ्या, बाफल्यांचं (आधी उकडून मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचं) पीठ आणि तुपाचा डबा असतो. दिवाळीनंतर गच्च्यांवर भरताची वांगी भाजली जातात, गराडू (एक प्रकारचा कंद) तळले जातात. फेब्रुवारीत शेतावर हरभऱ्याचा हुळा होतो. शिवाय राजेंद्रनगर, सुदामानगरच्या जुन्या घरांपासून बायपासवरच्या टाउनशिपपर्यंत बार्बेक्यूची काळी शेगडीही आता सर्रास दिसते.

या सगळ्याला लागू पडेल असं सरकारचं एकच पुस्तक नाही. गॅसबद्दल तेल कंपन्या आणि पेट्रोलियम मंत्रालय बोलतं, सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या मंजुरीचं काम नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो' ही केंद्रीय संस्था करते, अन्नाबद्दल एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था, कचरा जाळण्याबद्दल हरित लवाद आणि महानगरपालिका, जंगलातल्या आगीबद्दल वनखातं आणि आग लागल्यावर फायर ब्रिगेड. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर आहे, पण पीठ मळायला बसलेल्या माणसाने हे सगळं गोळा कुठून करायचं? म्हणून ते एका जागी आणून, आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवशी राख टाकेपर्यंत काय करायचं ते क्रमाने लिहिते आहे. पेटवताना बहुतेक जण सावध असतात. हयगय होते ती जेवणं आटोपल्यावर. त्यामुळे विझवण्याच्या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त थांबले आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी तेवढं वाचा.

जागा: आधी वर बघा, मग खाली

गच्चीवर गेलात की पहिल्यांदा डोक्यावर काय आहे ते पाहा. उन्हाळ्यात लावलेली हिरवी जाळी पावसाळ्यानंतरही तशीच राहते. ती प्लास्टिकची असते, एका ठिणगीने तिला भोक पडतं आणि पेटलेली धार थेंबाथेंबाने खाली गळते. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, डिशची केबल, शेजारच्या आंब्याची आत आलेली फांदी, विजेच्या तारा, हे सगळं चुलीच्या वर असता कामा नये. जाळी काढता येत नसेल तर त्या गच्चीवर पेटवू नका, खालच्या अंगणात जा.

मग पायाखाली. कृत्रिम गवताची चटई पसरली असेल तर ती गुंडाळून दूर ठेवा. पाणी झिरपू नये म्हणून काही गच्च्यांवर डांबरी शीट चिकटवलेली असते, तीही जळते. साधा काँक्रीटचा स्लॅब असला तरी थेट त्यावर गोवऱ्या रचू नका. काँक्रीटमध्ये ओल मुरलेली असते, एकदम तापलं की वरचा पापुद्रा टणकन उडतो आणि तुकडे डोळ्यांपर्यंत येतात. दोन थर विटा, त्यावर दोन-तीन इंच कोरडी रेती आणि त्यावर लोखंडी घमेलं, म्हणजे इकडची तगारी, ठेवलीत की स्लॅबही वाचतो आणि निखारे एका भांड्यात राहतात. याचा उपयोग शेवटी विझवताना होतो.

अंतराबद्दल आपल्याकडे घरगुती शेगडीसाठी ठरलेला आकडा लोकांच्या तोंडी नाही. अमेरिकेतला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग घरापासून १० फूट दूर राहायला सांगतो, आणि तिथल्या अनेक शहरांच्या अग्निसंहितेत फ्लॅटच्या बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायला मनाई आहे. आपण तेच माप घ्यायला काही हरकत नाही. भिंत, प्लास्टिकची पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं युनिट, सोलर पॅनलच्या वायरी, या सगळ्यांपासून १० फूट. गच्ची एवढी मोठी नसेल तर शेगडी लहान घ्या. बाल्कनीत तर मुळीच नको, कारण वरच्या मजल्याची बाल्कनी हेच तिचं छत असतं.

आणखी एक गोष्ट, जी मी जवळपास प्रत्येक गच्चीवर चुकलेली पाहते. गच्चीला जिना एकच असतो आणि चूल नेमकी त्याच्या दारापाशी मांडली जाते, कारण तिथून वर-खाली आणणं-नेणं सोयीचं. भडका उडाला तर पंधरा माणसं चुलीच्या पलीकडे अडकतात. चूल जिन्यापासून सगळ्यात लांबच्या भागात हवी, म्हणजे माणसं जिन्याच्या बाजूला राहतात आणि आग दुसऱ्या बाजूला. जिन्यात चपलांचा ढीग आणि खुर्च्याही नकोत. सोसायटीची इमारत असेल तर अध्यक्षांना आधी सांगा आणि वरच्या मजल्यावरच्या होजरीलला (आग विझवायच्या पाण्याच्या गुंडाळलेल्या नळीला) खरंच पाणी येतं का, ते तेव्हाच उघडून पाहा.

वारा कुठून येतोय हे कळायला उदबत्ती लावा. धूर ज्या दिशेला जाईल त्या दिशेला माणसं बसवायची नाहीत आणि शेजाऱ्यांची खिडकीही नको. धूर आडवा पळायला लागला, म्हणजे ठिणग्याही तशाच पळणार. त्या दिवशी घरात ओव्हनमध्ये किंवा गॅस तंदूरमध्ये बाफले करावेत.

आग लावायच्या आधी विझवायची तयारी

काडी ओढण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी असायला हव्यात: पाण्याच्या दोन बादल्या, रेतीची एक बादली आणि कढई-पातेल्यांवर बसतील अशी सपाट झाकणं. गाडीतला किंवा घरातला ड्राय पावडरचा एबीसी प्रकारचा अग्निशामक असेल तर वर आणून ठेवा. त्यावर आयएसआयची खूण हवी आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. वापरायचा कसा हे आधी सगळ्यांना दाखवा: पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळेच्या टोकाकडे न धरता आगीच्या बुडाकडे धरा, मूठ दाबा आणि झाडल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवा. घरगुती अग्निशामक काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून पाठ जिन्याकडे ठेवून उभं राहायचं.

हे प्रत्यक्ष शिकायचं असेल तर त्यासाठी दरवर्षी एक चांगला आठवडा असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेल्या मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. फायर ब्रिगेडचे जवान शाळा, इमारती, बाजारपेठांमध्ये प्रात्यक्षिकं देतात. तुमच्या कॉलनीने किंवा मराठी मंडळाने आधी पत्र दिलं तर तिथेही ते दाखवावं, अशी विनंती करता येते. गणपतीच्या कार्यक्रमांसाठी आपली मंडळं महिनाभर आधी बैठका घेतात. त्यातली एक संध्याकाळ यासाठी काढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इंधन आणि पेटवणं

गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. पावसाळ्यात त्या बाहेरून कोरड्या दिसतात आणि मोडली की आत ओल असते. अशा गोवऱ्या धुमसतात, पेटत नाहीत, आणि मग कुणीतरी मोटारसायकलमधून अर्धी बाटली पेट्रोल काढून आणतो. इथेच माणसं भाजतात. पेट्रोल स्वतः जळण्याआधी त्याची वाफ जळते, आणि ती वाफ चुलीभोवती दिसत नसताना पसरलेली असते. काडी पेटवणाऱ्याचे हात आणि चेहरा त्या वाफेतच असतात. धुमसत्या चुलीवर वरून ओतलं तर ज्वाळ धारेवरून थेट बाटलीपर्यंत चढते. थिनर, रॉकेल, स्पिरिट यांनाही हेच लागू. सॅनिटायझरची ज्वाळ तर भर उन्हात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

त्याऐवजी आपल्या घरात असलेलं साहित्य पुरे आहे. खाली नारळाची कोरडी शेंडी, त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, मध्ये कापराच्या दोन-तीन वड्या, आणि वर गोवऱ्यांचे तुकडे हवा खेळेल असे उभे रचायचे. लांब काडीने किंवा उदबत्तीने खालून पेटवायचं. कोळसा असेल तर ढीग शंकूसारखा रचा, अर्ध्या तासात कोळशांवर राखाडी थर आला की ते पसरा. तोवर जाळीवर काही ठेवू नका. काळ्या कोळशाच्या धुराची चव अन्नाला लागते आणि आच एकसारखी नसते.

चुलीत काय घालू नये याला कायद्याचाही आधार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पत्रावळींना चिकटलेलं प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, रंग दिलेली लाकडं, प्लायवूडचे तुकडे हे सगळं कचऱ्यात मोडतं आणि त्याचा धूर सरळ तुमच्या बाफल्यांत जातो.

हवेचाही विचार करायला हवा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम सुरू केला, त्यात इंदूर आहे. २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात मोठ्या शहरांत इंदूर पहिलं आलं आणि २०२५ मध्येही. दिल्लीत हवा बिघडली की हॉटेलांतल्या कोळसा-लाकडाच्या तंदुरांवर पहिल्याच टप्प्यात बंदी येते. घरच्या बाफल्यांवर इथे तशी बंदी नाही, पण थंडीत हवा साचलेली असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आकडा पाहून दिवस ठरवावा. कॉलनीत कुणाला दमा असेल तर त्यांना आधी विचारावं.

गॅसची शेगडी असेल तर

गॅस बार्बेक्यू धुराच्या दृष्टीने बरा, पण त्याचे धोके वेगळे. एलपीजी हवेपेक्षा जवळपास दीड-दोनपट जड असतो. उघड्या गच्चीवर गळला तर उडून जाईल असं वाटतं, पण चारही बाजूंना कठडा असतो. गॅस जमिनीलगत साचतो, पावसाच्या पाण्याच्या मोरीत उतरतो, जिन्यातून खाली जातो. म्हणून सिलिंडर मोरीजवळ आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवायचा नाही. तो नेहमी उभाच हवा, सपाट जागेवर, आणि बर्नरच्या खाली कधीच नको. नळी जितकी पोहोचेल तितका बाजूला.

नळी नारिंगी 'सुरक्षा' होज घ्या, एजन्सीकडून, आयएसआय खुणेची. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी आणि दर पाच वर्षांनी ती बदलावी. लांब पडावी म्हणून दोन नळ्या जोडणं हा सरळ अपघाताला निमंत्रण देणारा प्रकार आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि वर्ष असतं: 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' जून, 'सी' सप्टेंबर, 'डी' डिसेंबर. ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा.

जोडणी झाली की वाटीत भांडी घासायचा साबण आणि पाणी कालवून फेस करा आणि बोटाने रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर लावा. बर्नर बंद, सिलिंडर चालू. अर्धा मिनिट जवळ बसून पाहत राहा. गळती बारीक असेल तर एकाच जागी मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो आणि तिथेच पुन्हा येतो. तो दिसला की सिलिंडर बंद करून सांधा नव्याने बसवा. दुसऱ्यांदाही दिसला तर त्या दिवशी ती शेगडी वापरायची नाही. काडी पेटवून गळती शोधणारे लोक आजही आहेत, त्यांचा हात धरा.

झाकणाची शेगडी पेटवताना झाकण उघडं हवं. बंद झाकणाखाली गॅस साचतो आणि ठिणगी पडताच झाकणासकट तोंडावर येतो. वाऱ्याने ज्वाळ विझली तर गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा. परदेशातून कुणी आणलेल्या शेगडीला आपला घरगुती रेग्युलेटर आपल्या हाताने जुळवू नका, तिथला आणि इथला दाब वेगळा असू शकतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. सहलीसाठी लोक बाजारातून छोटे, विनाखुणेचे सिलिंडर घेतात आणि ते गल्लीतल्या दुकानात घरगुती सिलिंडरमधून भरून आणतात. हे बेकायदेशीर आहे आणि त्या सिलिंडरची जाडी, व्हॉल्व्ह, भरलेलं वजन, कशाचीच कुणी खातरी केलेली नसते. त्याची गरजही नाही. तेल कंपन्यांनीच ५ किलोचा सिलिंडर बाजारात आणला आहे; इंडेनचा 'छोटू' त्यातलाच. ओळखपत्र दाखवून तो मिळतो. तो घ्या.

टेबलावरच्या ब्यूटेनच्या कॅन-शेगड्यांसाठी एकच नियम: तिच्यावर तिच्यापेक्षा मोठा तवा किंवा ग्रिल ठेवू नका. मोठा तवा उष्णता बाजूच्या कप्प्यातल्या कॅनवर परतवतो आणि कॅन फुटतो. दक्षिण कोरियात या शेगड्या घरोघरी आहेत आणि तिथली सरकारी गॅस सुरक्षा संस्था हाच इशारा वर्षानुवर्षं देत आली आहे.

गॅसचा वास आला तर १९०६ हा केंद्र सरकारचा गॅस गळतीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. फोन मात्र गच्चीवरून न लावता खाली जाऊन लावा.

भाजत असताना

एक माणूस चुलीचा. त्याने चूल सोडून जायचं नाही, गप्पांत बसायचं नाही, आणि जायचंच असेल तर दुसऱ्याला नाव घेऊन सांगून जायचं. आपल्याकडे "सगळेच आहेत की" म्हणताना कुणीच नसतं.

चुलीभोवती तीन फुटांचं रिंगण खडूने किंवा रांगोळीने आखा. मुलांना ती रेघ सांगितली की ती मोठ्यांपेक्षा कडक पाळतात आणि पाळायलाही लावतात. चुलीच्या माणसाच्या अंगावर सुती कपडे, बाह्या दुमडलेल्या. ओढणी, नायलॉनची साडी, पॉलिस्टरचं जॅकेट नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. पाण्यात उकडलेले बाफले निखाऱ्यांवर फिरवताना ठिणगी पायावरच पडते.

तुपाचं पातेलं चुलीपासून लांब ठेवा. बाफले बुडवायला तूप पातळ असलं की पुरतं; उकळतं ठेवायची गरज नसते. तूप किंवा गराडूच्या कढईतलं तेल पेटलं तर त्यात पाणी टाकायचं नाही. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. आच बंद, वर सरकवून झाकण, आणि पातेलं पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढायचं नाही, पातेलं उचलून पळायचंही नाही. जाळीवर चिकनची चरबी गळून भडका उडाला तर तुकडे बाजूला घ्या, झाकण असेल तर लावा. भडका आपोआप बसतो.

जाळी घासायच्या तारेच्या ब्रशबद्दल अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी इशारा दिला आहे: त्याची सुटलेली तार जाळीला चिकटते, अन्नातून घशात जाते. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासा, तेवढ्याने भागतं.

अन्नाबद्दल थोडक्यात. एफएसएसएआय ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा जंतूवाढीचा मानतं. मसाला लावलेलं चिकन-पनीर गच्चीवर टेबलावर न ठेवता बर्फाच्या डब्यात ठेवा, एका वेळी लागेल तेवढंच काढा. कच्च्याचं ताट आणि शिजलेल्याचं ताट वेगळं, चिमटाही वेगळा. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत जायला हवं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून आत गुलाबी राहिलेलं नाही आणि रस स्वच्छ आहे ना, एवढं तरी पाहा. काळं झालेलं खाऊ नका. बाफले वर्तमानपत्रावर ठेवू नका. शाईतली रसायनं गरम, तुपकट अन्नात उतरतात आणि एफएसएसएआयने त्याबद्दल वारंवार बजावलं आहे.

जेवणं झाल्यानंतर

गोवऱ्यांचा निखारा विझल्यासारखा दिसतो तेव्हा विझलेला नसतो. वर पांढरी, मऊ राख बसते आणि ती राखच आतल्या आगीला पांघरूण घालते. मालव्यात बाफले याच आचेवर भाजतात, ती तासन् तास टिकते म्हणूनच. जो गुण जेवणाआधी उपयोगी, तोच नंतर घातक ठरतो. हात वर धरून उष्णता लागत नाही, म्हणून घमेलं कोपऱ्यात सारलं जातं, रात्री दोन वाजता वारा सुटतो, राख उडते आणि आतला लाल गोळा उघडा पडतो.

विझवायचं असं. आधी चिमट्याने किंवा उलथन्याने निखारे पसरा, ढीग मोडा. मग मगने, बाजूला उभं राहून, थोडं थोडं पाणी शिंपडा. एकदम बादली ओतलीत तर वाफेबरोबर गरम राख अंगावर येते. फस्स आवाज थांबला की काम संपलं असं समजू नका. उलथन्याने खालवर करा, परत पाणी, परत खालवर. जिथे आवाज येईल तिथे निखारा आहे. तीन-चार फेऱ्यांनंतर आवाज आणि वाफ दोन्ही थांबतात आणि राखेचा दाट चिखल होतो. तो झाल्यावर हाताची मागची बाजू वर धरून पाहा. कोळशाच्या झाकणवाल्या शेगडीत पाणी घालायचं नसेल तर झाकण आणि हवेच्या खिडक्या बंद करून किमान पूर्ण एक दिवस तिला हात लावू नका.

चिखल झालेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून रात्रभर उघड्यावर राहू द्या. प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको. सकाळी कचरागाडी येते म्हणून घाई करू नका: आपल्या शहरात ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा वेगवेगळा जातो आणि जिवंत निखारा सुक्या कचऱ्यात गेला तर धोका गाडीवरच्या माणसांना आहे. पूर्ण गार राख थोडी थोडी करून कुंड्यांत घालता येते.

आणि ही ओळ घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा: उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी खोलीत न्यायची नाही. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात गच्चीवर चांगलाच गारठा पडतो. जेवणं होतात, पाहुणे मुक्कामाला असतात, शेगडीत छान लाल निखारे उरलेले असतात. खोली उबदार होईल म्हणून ती आत घेतली जाते, दार-खिडक्या लावल्या जातात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने त्याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातली शक्ती जाते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. उत्तर आणि मध्य भारतात दर हिवाळ्यात झोपेतच कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच शेगडी असते. अमेरिकेत कोळशाच्या प्रत्येक पिशवीवर याची ठळक सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे गोवऱ्या हातगाडीवर सुट्या मिळतात, त्यावर सूचना कोण छापणार? म्हणून ती घरानेच सांगायची. खिडकी थोडी उघडी ठेवणं पुरेसं नाही. तंबू, बंद गाडी, पत्र्याची शेड, सगळीकडे हेच.

एका खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

गावाबाहेर जाताना

चोरल, मानपूर, जानापावच्या बाजूला पुष्कळ भाग राखीव जंगलाचा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय आग पेटवणं गुन्हा आहे. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपून वनखात्याला मोबाइलवर कळवतं, त्यामुळे कुणाला कळणार नाही असं समजू नये. फेब्रुवारी ते जून सागाची पानं पापडासारखी वाळलेली असतात, त्या दिवसांत घरून डबा न्यावा. पावसाळ्यात जायचं तर वनखात्याच्या किंवा रिसॉर्टच्या ठरलेल्या जागीच चूल मांडा. ओढ्यातले गोटे चुलीला लावू नका. आत पाणी असतं, तापले की फुटतात.

शेतावरचा हुळा मार्चमध्ये करायचा तर आजूबाजूला उभा, वाळलेला गहू असतो. नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं, जाळायला मध्य प्रदेशात बंदी आहे आणि जिल्हा प्रशासन दर हंगामात तसे आदेश काढतं. हुळा नांगरलेल्या मोकळ्या तुकड्यात करा, भोवती पाणी मारा. निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पातालपाणीला रेल्वेने जाणार असाल तर सिलिंडर, पेटती शेगडी, रॉकेल काहीही डब्यात न्यायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ यात्रेकरू गेले. चहा करायचा होता एवढंच निमित्त होतं.

काही झालंच तर

फायर ब्रिगेड १०१, सगळ्या आणीबाणीसाठी ११२, ॲम्ब्युलन्स १०८. फोनवर पत्ता सांगताना कॉलनीचं नाव आणि जवळचा चौक सांगा आणि एकाला कोपऱ्यावर उभं करा. सुदामानगरच्या सेक्टरांत रात्री घर शोधताना गाडीची मोलाची मिनिटं जातात.

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. खाली झोपून लोळायचं, सुती चादर किंवा सतरंजी गुंडाळायची. भाजलेल्या जागी वाहतं थंड पाणी, पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही लावायचं नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका, स्वच्छ ओल्या सुती कापडाने सैल झाका. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, किंवा भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल तर वेळ न घालवता एमवाय किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

गॅसमुळे अपघात झाला असेल तर एजन्सीला लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांचा विमा ग्राहकांसाठी असतो: मृत्यूला माणशी ६ लाख रुपये, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत, मालमत्तेला २ लाखांपर्यंत, आणि मालमत्तेची भरपाई कनेक्शनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. त्यासाठी पोलिसांची नोंद, उपचारांची मूळ बिलं आणि एजन्सीचा अहवाल लागतो. घर बदललं असेल आणि कार्डावर जुनाच पत्ता असेल, तर पुढच्या पार्टीआधी एजन्सीत जाऊन तो बदलून घ्या.